न पोचलेल्यांचा हिशेब

एखाद्या माणसाने आयुष्याची पंधरा-वीस वर्षे एकाच गोष्टीच्या मागे घालवली, ती गोष्ट त्याला मिळाली नाही, आणि न मिळण्यात त्याची स्वतःची फारशी चूकही नव्हती, तर त्या वर्षांना काय नाव द्यायचे? आपल्याकडे दोन शब्द तयार असतात. एक ‘वाया गेली’, दुसरा ‘तपश्चर्या’. पहिला नातेवाईक वापरतात, दुसरा सत्काराच्या सभेतले वक्ते. आम्हाला दोन्ही शब्दांचा संशय आहे आणि हा लेख त्या संशयापोटीच लिहिला आहे.

प्रश्न क्रिकेटच्या निमित्ताने मांडतो. साहित्याच्या वार्षिकात क्रिकेट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी आमच्या औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) कुठल्याही मोहल्ल्यात असरच्या नमाजनंतर तासभर फिरून पाहावे. पुस्तक हातात असलेली मुले किती आणि बॅट हातात असलेली किती, याची मोजदाद केली की विषयाचे वजन आपोआप कळते. आमखास मैदानावर तर एकाच वेळी चार-पाच सामने चाललेले असतात. एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टींजवळ उभा असतो आणि तरी कुणाचा कुणाशी गोंधळ होत नाही. हे बहुतेक टेनिस बॉलचे क्रिकेट. त्यातला एखादाच मुलगा ‘सीझन बॉल’कडे वळतो, घरच्यांकडून किटचे पैसे मिळवतो, आणि तिथून पुढे त्याचे आयुष्य एका शिडीला बांधले जाते.

ही शिडी कशी आहे ते आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्र राज्यात रणजी करंडकाचे तीन संघ आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबई आणि विदर्भ सोडून उरलेल्या सगळ्या जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र हा एकच संघ, आणि त्याचा कारभार पुण्यातून चालतो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा इथल्या माणसाची नजर हैदराबादकडे असे. आता ती पुण्याकडे असते, अंतर मात्र फारसे कमी वाटत नाही. जिल्ह्याच्या निवड चाचण्या, मग पुण्यातले सामने, मग सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, तेवीस वर्षांखालील संघ, आणि मग रणजी. दर पायरीवर बरेचसे गळतात. रात्रीच्या बसने निघायचे, पहाटे पुण्यात उतरायचे, कुणाच्या तरी खोलीवर अंघोळ करून मैदान गाठायचे, नेटमध्ये दहा-बारा चेंडू खेळायला मिळाले की संध्याकाळची बस धरायची. एवढ्यावर त्या मुलाची परीक्षा झालेली असते.

आणि रणजी हे शिडीचे टोक नाही. रणजीत आज अडतीस संघ आहेत. दर संघात पंधरा खेळाडू धरले तरी संख्या पाचशे सत्तरवर जाते. भारताच्या संघात एका वेळी अकरा. आयपीएलचे दहा संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यांत आठपर्यंत परदेशी चालतात. परंतु प्रत्यक्ष मैदानावर एका संघाचे सुरुवातीचे भारतीय साधारण सातच. म्हणजे ज्याला लोक ‘वर जाणे’ म्हणतात त्या जागा देशभरात शंभराच्या आसपास आहेत, आणि त्या दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. हा हिशेब कुणालाही पाचवीच्या गणितात करता येतो. तो मुलाला सांगितला मात्र जात नाही. का सांगितला जात नाही, हा खरा नैतिक प्रश्न आहे आणि त्याकडे आम्ही येणार आहोत. आधी मुंबईतला एक सामना पाहू, कारण गुणवत्ता आणि यश यांचे नाते किती सैल असू शकते हे त्याच्याइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा सामना आम्हाला ठाऊक नाही.

ऑक्टोबर २०१६, वानखेडे स्टेडियम, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. महाराष्ट्राचे दोन गडी एक्केचाळीस धावांत बाद झाले. तिथून स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे हे दोघे खेळू लागले आणि बाद झालेच नाहीत. महाराष्ट्राने डाव घोषित केला तेव्हा गुगळे ३५१ नाबाद, बावणे २५८ नाबाद, भागीदारी ५९४. रणजीच्या इतिहासात कोणत्याही गड्यासाठी तोवरची ती सर्वांत मोठी भागीदारी होती. १९४६-४७ साली बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेला ५७७ धावांचा विक्रम सत्तर वर्षांनी मोडला. या दोघांचा विक्रम पुढे नोव्हेंबर २०२४ पर्यंत टिकला. मग गोव्याच्या जोडीने ६०६ धावा केल्या.

त्याच सामन्यात दिल्लीने उत्तर दिले. एकोणीस वर्षांच्या ऋषभ पंतने ३०८ धावा केल्या. १ फेब्रुवारी २०१७ रोजी पंत भारताकडून टी-ट्वेंटी सामना खेळला. गुगळे आणि बावणे भारताकडून कधीच खेळले नाहीत.

मैदान तेच, खेळपट्टी तीच, आठवडा तोच. तीन मोठे डाव, त्यांतला एक वर गेला. यावर ‘अन्याय’ म्हणून ओरडणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. पंतने त्या धावा ज्या गतीने केल्या ती गती पाहूनच निवड समितीने त्याला उचलले असणार, आणि पुढे परदेशातल्या खेळपट्ट्यांवर त्याने ती निवड खरी करून दाखवली. अन्याय म्हणायचा तर कुणाला तरी अन्यायी ठरवावे लागते. इथे तसा कुणी सापडत नाही. पण मग दुसरी बाजू म्हणते, ‘म्हणजे ते दोघे तेवढ्या ताकदीचे नव्हते.’ हेही आम्हाला पटत नाही. दोन दिवस उभे राहून, थकवा गिळून, एकही चूक न करता २५८ धावा करणे ही ताकद नाही तर काय आहे? फक्त त्या काळाला हवी असलेली ताकद वेगळी होती. चाळीस वर्षांपूर्वी कदाचित उलटे झाले असते.

अंकित बावणे हा आमच्या जिल्ह्यातला, पैठणचा. २००७-०८ च्या हंगामात, पंधरा वर्षांच्या आसपास असताना, तो महाराष्ट्राकडून पहिला रणजी सामना खेळला. पुढे शंभराहून अधिक प्रथम श्रेणी सामने, पन्नासच्या आसपास सरासरी, महाराष्ट्राचे कर्णधारपद. दिल्लीच्या संघाने २०१७ साली आयपीएलसाठी त्याला घेतले. त्याहून आधीची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार म्हणून त्याचे नाव जाहीर झाले होते. पासपोर्टवरची जन्मतारीख आणि क्रिकेट मंडळाकडची नोंद यांत तफावत निघाली आणि त्याला संघाबाहेर राहावे लागले. तफावत कशी आली याचा निवाडा करणे आमचे काम नाही. मराठवाड्यात जन्मतारीख ही चीज काय आहे हे मात्र इथल्या वाचकाला सांगायला नको. आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. तारखेवर कुणाचे भवितव्य टांगलेले असेल असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

बावणेच्या जागी कर्णधार झाला उन्मुक्त चंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाउन्सविलला त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा केल्या आणि चषक उचलला. वाटले, संधी ज्याला मिळाली तो पोचला. परंतु उन्मुक्त चंदही भारताच्या मोठ्या संघातून कधी खेळला नाही. २०२१ साली तो इथले क्रिकेट सोडून अमेरिकेत गेला, आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी निवडलेल्या अमेरिकेच्या संघातही त्याचे नाव नव्हते. शेजारच्या जालन्याचा विजय झोल २०११ साली एकोणीस वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करून गेला. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव खेळले. ते तिघे वर गेले, कर्णधार गेला नाही.

ही उदाहरणे पाहिली की मनात पहिला शब्द येतो तो नशीब. हा शब्द मराठीत आणि आमच्या घरच्या बोलीत एकच आहे, आणि बहुधा त्यामुळेच आपण त्याचा फार विचार करत नाही. नशीब म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. सोडतीतल्या चिठ्ठीसारखे निखळ योगायोग, ही एक. दुसरी म्हणजे वेळ : तुम्ही कुणाच्या काळात जन्मलात. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी एकट्या रणजीत ६३७. दोघे डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही काळात भारतीय संघातली ती जागा बिशनसिंग बेदींची होती. दोघांना एकही कसोटी मिळाली नाही. शिवलकर गातही असत. ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे त्यांनी गायलेले गाणे मुंबईतल्या जुन्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. आणि तिसरी गोष्ट, जी वर पंतच्या बाबतीत दिसली : काळाला कोणत्या जातीचा गुण हवा आहे. या तिन्हींपैकी एकीवरही मेहनतीचा अंमल चालत नाही.

इथे आपल्या म्हणींचा समाचार घेतला पाहिजे. ‘हिम्मत-ए-मर्दां, मदद-ए-खुदा’ असे आपण म्हणतो, शेजारी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतात. दोन्ही म्हणी ऐकायला गोड आहेत आणि मुलाला पहाटे उठवायला उपयोगी आहेत. पण त्यांची साक्ष द्यायला कोण उरतो? जो पोचला तोच व्यासपीठावर येतो आणि सांगतो, मी मेहनत केली म्हणून पोचलो. तो खोटे बोलत नाही. फक्त तेवढीच मेहनत करून न पोचलेले चारशे जण त्या व्यासपीठावर नसतात. मग ऐकणारा उलटा निष्कर्ष काढतो : जो पोचला नाही त्याने मेहनत केली नसणार. अशा रीतीने एका चांगल्या म्हणीतून एक क्रूर आरोप तयार होतो, आणि तो त्या माणसाच्या तोंडावर त्याच्याच लग्नाच्या बोलणीत मारला जातो : ‘मुलगा क्रिकेट खेळत बसला होता.’ आम्ही हे वाक्य एकाहून अधिक घरांत ऐकले आहे.

अमोल मुजुमदारचे उदाहरण अलीकडे फार सांगितले जाते. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या, कारकीर्दीत अकरा हजारांहून अधिक, आणि भारताची टोपी कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो तिथे होता. वर्तमानपत्रांनी लगेच लिहिले, सबुरीचे फळ मिळाले. आम्हालाही त्या रात्री आनंद झालाच. तरी हे ‘फळ’ आम्हाला खटकते. समजा तो प्रशिक्षक झाला नसता, किंवा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने जिंकला असता, तर त्या अकरा हजार धावा कमी खऱ्या ठरल्या असत्या का? शेवट गोड झाला म्हणूनच मधल्या वर्षांना अर्थ आला असे म्हणणे म्हणजे ज्यांचा शेवट गोड झाला नाही त्यांची वर्षे निरर्थक होती असे मान्य करणे. इथेच आमचे म्हणणे थेट मांडतो. रणजीतला डाव हा मोठ्या डावाची तालीम नसतो. तो स्वतः एक डाव असतो. चेंडू तसाच कठीण असतो, बाद झाल्यावर परतीची वाट तितकीच लांब असते. त्याला शिडीची पायरी आपण केले, बाहेर बसून.

आमच्या समाजात या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली. भारताचे काही प्रमुख वेगवान गोलंदाज जखमी होते. त्या सामन्यात तिघांनी कसोटी पदार्पण केले : केरळचा टिनू योहानन, रेल्वेकडून खेळणारा बीडचा संजय बांगर, आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी. मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांचे दोन खेळाडू एकाच दिवशी भारताच्या संघात, ही घटना इथल्या लोकांनी जितकी लक्षात ठेवायला हवी होती तितकी ठेवली नाही. सिद्दीकी १९९२-९३ पासून महाराष्ट्राकडून गोलंदाजी करत होता. म्हणजे नऊ वर्षांनी हाक आली. त्याने ग्रॅहम थॉर्पचा बळी घेतला, खाली येऊन चोवीस धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताला विजयासाठी पाच धावा हव्या होत्या, तेव्हा गंमत म्हणून की काय, त्यालाच सलामीला पाठवण्यात आले आणि विजयी धावा त्याच्या बॅटमधून निघाल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. पुढच्या कसोटीत तो संघात नव्हता, आणि नंतरही कधी आला नाही. बांगर बारा कसोटी खेळला; २००२ साली लीड्सला ढगाळ हवेत त्याने काढलेल्या ६८ धावा जाणकार अजून आठवतात.

इक्बाल सिद्दीकीचे नाव आमच्याकडे दोन प्रकारे घेतले जाते. एक गट म्हणतो, ‘इक्बाल पोचला ना? मग भेदभाव कुठे आहे?’ दुसरा म्हणतो, ‘एकाच कसोटीत आटोपले ना? मग आणखी काय पुरावा हवा?’ दोन्ही गट त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. एकच कसोटी खेळलेले भारतीय खेळाडू पुष्कळ आहेत, त्यांत सर्व धर्मांची आणि प्रांतांची नावे सापडतात; तेव्हा त्या एका आकड्यातून हे सिद्ध होत नाही आणि तेही. भेदभावाचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचे उत्तर शोधायचे तर मोहल्ल्यापासून बरे मैदान किती लांब आहे, प्रशिक्षणाचा महिन्याचा खर्च कुणाला झेपतो, पुण्यात दोन महिने राहायची सोय कुणाकडे आहे, हे तपासावे लागेल. त्याला कष्ट पडतात. एका माणसाच्या नावावर वाद घालायला कष्ट पडत नाहीत. आणि या सगळ्यात त्याने महाराष्ट्राकडून घेतलेल्या शेकडो बळींबद्दल, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर उन्हात टाकलेल्या षटकांबद्दल, आम्हाला आजवर कुणी एक प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. माणसाला पुरावा केले की त्याचे काम दिसेनासे होते. हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे, आणि इथे अन्यायी कोण हे शोधायला दूर जावे लागत नाही.

बाहेरच्या जगात याहून बरे काही आहे का? थोडेसे आहे. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग आहे, बत्तीस संघांची. तिच्या खाली आणखी एक बत्तीस संघांची लीग आहे. तिथला जो तो मुलगा रोज वरून बोलावणे येण्याची वाट पाहतो. बोलावणे येते, चार दिवसांनी परतही पाठवतात. आशा आणि अपमान तिथेही आपल्यासारखाच. पण पेन्सिल्व्हेनियातले हर्शे नावाचे एक छोटे गाव घ्या, चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले. तिथला ‘बेअर्स’ हा संघ १९३८ पासून त्या खालच्या लीगमध्ये खेळतो आहे, तेरा वेळा अजिंक्यपद जिंकला आहे, आणि गावातले लोक हजारोंनी सामन्याला येतात. उद्याचा तारा पाहायला काही येत असतील. बहुतेक जण आजचा सामना पाहायला येतात. तिथे आठ-दहा वर्षे खेळून, कधीही वर न गेलेला खेळाडू गावाला परका नसतो.

आपल्याकडे ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत रणजी सामन्याला हजारोंची गर्दी लोटली, कारण विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळत होता. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा त्रिफळा उडवला. कोहली सहा धावांवर परतला आणि स्टेडियम रिकामे होऊ लागले. सांगवानचा तो चेंडू पाहण्यासारखा होता. लोकांनी तो पाहिला, आणि ते घरी निघून गेले.

पैशाबद्दल थोडे बोलले पाहिजे, नाहीतर सगळे हवेत राहील. २०२१ साली क्रिकेट मंडळाने देशांतर्गत मानधन वाढवले : चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला सामन्याच्या दर दिवसाला साठ हजार रुपये, एकवीस ते चाळीस सामन्यांना पन्नास हजार, त्याखाली चाळीस हजार, राखीव खेळाडूला निम्मे. रणजीपर्यंत पोचलेल्या मुलाचे घर आता चालू शकते, हे पूर्वी नव्हते. पण रणजीच्या एक पायरी खाली थांबलेल्याचे काय? तेवीस वर्षांखालील संघातून वयामुळे बाहेर पडलेला, बारावी नापास किंवा बी.ए. अर्धवट, रेल्वेची खेळाडूंची भरती कमी झालेली. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तीत आमच्या शहराच्या नावाचा संघही आला. काही मुलांना तिथे दोन-तीन आठवडे टीव्हीवर दिसायला मिळाले. हे चांगलेच आहे. पण त्यामुळे वाट पाहण्याची मुदतही चार-पाच वर्षांनी वाढली, हेही खरे. आधी तेविसाव्या वर्षी सोडणारा मुलगा आता अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत फोनकडे पाहत राहतो.

आता मघाचा प्रश्न. हिशेब मुलाला का सांगितला जात नाही? प्रशिक्षकाची फी त्यावर अवलंबून असते, हे एक उघड कारण. पण आई-वडील, मामू, गल्लीतले आपण सगळे, आपण का गप्प बसतो? आम्हाला वाटते, आपल्याला त्या मुलाच्या आशेचा उपयोग असतो. आपल्या हातून काही झाले नाही, तो करून दाखवेल, या भावनेचे सुख आपण घेतो आणि त्याची किंमत तो त्याच्या विशीत चुकवतो. आशा ठेवणे त्याचा हक्क आहे. ती त्याने मोडावी असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्याच्या आशेवर आपण सावलीला बसू नये, एवढेच आम्ही म्हणू शकतो. खरी संख्या त्याच्यापुढे ठेवावी, शाळा सुटू देऊ नये, आणि तो जिल्ह्याच्या सामन्यात पन्नास धावा करून आला तर ‘पुढे काय?’ असे विचारण्याआधी त्या पन्नास धावा कशा केल्या ते विचारावे. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी केली जाते.

या हिशेबाला एक आक्षेप आहे, आणि तो आमच्यापुढे एका गॅरेजवाल्या वडिलांनी ठेवला. मुलगा सतरा वर्षांचा, मध्यमगती गोलंदाज, जिल्ह्याच्या संघात. त्यांनी सल्ला विचारला, आम्ही वरचा सगळा आकडेवारीचा पाढा वाचला : अडतीस संघ, पाचशे सत्तर खेळाडू, अकरा जागा. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “भाई, इंजिनेरिंग में जो इत्ते बच्चे जाते, उनमें से कित्ते नौकरी पे लगते, वो गिनती भी बोलो ना. वो तो कोई नै बोलता.”

यावर आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे, की इंजिनिअरिंग करून मनासारखी नोकरी न लागलेल्या मुलाला ‘वाया गेला’ म्हणत नाहीत, दुसरी नोकरी शोधतो आहे म्हणतात. तो मुलगा सध्या सकाळी गरवारेच्या मैदानावर सरावाला जातो, दुपारी गॅरेजमध्ये बसतो, आणि बारावीचा फॉर्म त्याने भरला आहे. परवा त्याने शेजारच्या जिल्ह्याविरुद्ध चार बळी घेतले. तिसरा बळी कसा मिळाला ते त्याने आम्हाला गॅरेजच्या दारात उभे राहून, हातात पाना धरून, दोनदा करून दाखवले.